पायलीचं चिपटं

शहाऐंशी सालची गोष्ट. मी तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा.

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. मुलाला सांगितली नाही, भावाला नाही. देवळात गाऱ्हाणं घालताना देवालाही नाही. तुम्हाला सांगतो. तुम्ही माझे कोण? कोणी नाही – म्हणून तर सांगतो. चौथी शिकलेला माणूस आहे, चिऱ्याच्या खाणीत जन्म गेला. लिहिताना कुठं चुकलो तर खुशाल हसा. पण कीव करू नका. कीव मला चालत नाही.

आधी लोक काय म्हणतात ते ऐका. बायकोची सेवा करावी तर तात्यानं, असं म्हणतात. अजून म्हणतात. वाडीतली एखादी सून नवऱ्याला टोमणा मारायचा झाला तर माझं नाव घेते – तात्यांनी बघा काकींचं कसं केलं. मी ऐकतो. मान हलवत नाही, नको पण म्हणत नाही. बरं, खोटं तरी कुठं आहे ते? केली ना सेवा. भांडं दिलं, भांडं काढलं, लुगडी धुतली. खाणीत कुदळ चालवणाऱ्या हातांनी तिच्या तोंडात कापसानं पाणी घातलं. ते सगळं खरं. आणि मी आता सांगणार आहे तेही खरं. दोन्ही मीच केलं.

बायकोचं नाव सुभद्रा. तिच्या तोंडावर ते नाव मी कधी घेतलं नाही, आता घेतो.

सुभद्रा माझ्याशी बोलत नव्हती. आठ वर्षं बोलत नव्हती. का – तेही सांगतो, ते काही लपलेलं नाही, गावाला ठाऊक आहे. तिचं माहेर वेळणेश्वरचं. एका पावसाळ्यात तिकडून माणूस आला, मी बांधावर उभा होतो. म्हणाला, म्हातारा काही आता राहत नाही, लेकीला धाडा. आमची लावणी चालू होती. तरवा, म्हणजे भाताची रोपं, उपटून ठेवलेला, दोन मळ्या लावायच्या शिल्लक, आणि लावायला हात कोणाचे? तिचेच. मी त्या माणसाला चहा पाजला, वाटेला लावला, आणि गप्प राहिलो. लावणी उरकली त्या संध्याकाळी तिला सांगितलं. ती पोचली तोवर बापाची राख सावडून झाली होती.

परत आली ती न बोलताच. भांडली नाही, रडली नाही. भात रांधायची, पेज वाढायची. 'जेवायला या' हे मात्र चुलीला सांगायची. "घरात कोणी असंल तर पेज निवतेय म्हणावं." मुलगा घरी असला तर त्याच्यामार्फत, नसला तर कुत्र्यामार्फत. हसू नका. हसायचं असेल तर हसा. मीही कधी म्हटलं नाही की चुकलं माझं. लावणी टाकून कोण जातं? असं मी म्हणायचो. आठ वर्षं तेच म्हणत होतो. तिच्याइतकाच मीही हट्टी.

पण माणूस आठ वर्षं काय ऐकायला टपून बसतो, सांगू? 'अहो.' एवढंच. आमच्या बायका नवऱ्याला हाक मारतात ती. दुसऱ्याच्या अंगणात कुणाची बायको 'अहो' म्हणाली की माझी मान वळायची.

मग तिला कमरेखालचा कॅन्सर झाला. मुलगा मुंबईला गोदीत होता, त्यानं तिकडे नेली. मोठ्या इस्पितळात कॅन्सर जाळायची लाइट दिली, आणि शेवटी सांगितलं, हाडात उतरलंय, आता घरी न्या. घरी आणली. घरी तिचे हाल बघवेनात म्हणून रत्नागिरीत एका डॉक्टरांच्या लहानशा इस्पितळात न्यायचं ठरलं. भाड्याची जीप केली. आमच्या वाडीचा रस्ता म्हणजे नुसता जांभा, खड्डा चुकवावा तर दगड. प्रत्येक हिसक्याला ती ओठ दाबायची. आणि एका चढावर तिनं माझं मनगट धरलं – तिनं, स्वतः – आणि म्हणाली, "अहो…"

पुढं काही नाही. एवढंच.

तुम्हाला वाटेल, बायकोच्या जिवाशी चाललंय आणि हा काय मोजतोय. मोजत होतो. त्या जीपमध्ये मी तिच्या दुखण्यानं कळवळलो नाही – सुखावलो. लिहिलं बघा. झालं लिहून.

इस्पितळात मंदा सिस्टर होत्या. सावर्ड्याकडच्या. चाळिशीच्या, बुटक्या, बोलायला फटकळ. खाटेवर घेतलं आणि तिला तपासायच्या आधी इंजेक्शन दिलं. मी म्हटलं, आधी बघा तरी काय झालंय. तर म्हणाल्या, "तात्या, आधी त्यांना माणसात येऊ दे. मग त्या सांगतील, मग मी बघीन." अर्ध्या तासानं तिला कुशीवर वळवली. हातपाय ओढून नाही – खाली घातलेली चादर दोघांनी दोन टोकांना धरून. गुडघ्यांच्या मध्ये उशी. पाठीला दुसरी उशी. सुभद्रानं इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाय सैल सोडले.

आणि मग मंदा सिस्टरनी विचारलं, किती दुखतंय? सुभद्रा म्हणाली, हाय वायच, म्हणजे आहे थोडंसं. आमच्या बायकांचं हेच. मरायला टेकली तरी 'हाय वायच.' सिस्टर उठल्या, इस्पितळाच्या स्वैपाकघरात गेल्या आणि भात मोजायची मापं घेऊन आल्या. चिपटं, मापटं, शेर, पायली. लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं खाटेवर मांडली.

"काकी, वायच म्हणजे मला कळत नाही. हात लावून दाखवा. सकाळी किती होतं? आता किती उरलंय?"

सुभद्रानं जन्मभर भात मोजलेला. तिनं सकाळचं म्हणून पायलीला हात लावला, आत्ताचं म्हणून मापट्याला. आणि हसली. सिस्टर म्हणाल्या, "हां, आता हिशेब जुळला." मग रोज तेच. दर वेळी इंजेक्शनआधी एकदा, नंतर एकदा. मापट्यापर्यंत साधं औषध, शेर-पायली झालं की कुलपातलं. ते कपाटात कुलूप लावून ठेवलेलं असायचं म्हणून मी त्याला कुलपातलं म्हणायचो. मॉर्फिन त्याचं नाव. आणि ते ओरड सुरू झाल्यावर द्यायचं नाही, घड्याळ बघून आधीच द्यायचं, ओरड होऊच द्यायची नाही. शौचाला झालं का हे पण रोज विचारायच्या, माझ्यासमोर, लाज न ठेवता. त्या औषधानं पोट धरतं, ते साफ ठेवायला दुसरं औषध.

मी एकदा म्हटलं, याची सवय लागते म्हणतात.

"लागू दे की," सिस्टर म्हणाल्या. "काकींना काय उद्या कामावर जायचंय?"

सुभद्रा त्यावरही हसली. त्या दोघींचं जमलं. माहेरचं बोलायच्या, मासळीचं बोलायच्या, सुकट भाजावी की परतावी यावर भांडायच्या. आणि मी? मी स्टुलावर. "सिस्टर, त्यांना सांगा, खिडकी वायच लोटा." पुन्हा तेच! मी हातभर अंतरावर, आणि निरोप सिस्टरमार्फत. दुखणं गेलं आणि 'अहो' पण गेला. सिस्टरचा मला राग यायला लागला. जिनं माझ्या बायकोला सुख दिलं तिचा राग. याला काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

आता मूळ गोष्ट. इतका वेळ मी आजूबाजूला फिरतोय, मला कळतंय ते.

गणपती आले. मंदा सिस्टर घरी निघाल्या, गौरीगणपतीचं विसर्जन करूनच येणार होत्या. त्यांच्या जागी दुसरीकडून बदलीवर एक वयस्क सिस्टर आल्या होत्या. बाई सरळ होत्या, पण ना कुणाची ओळख ना सवय, आणि सणामुळे सगळं इस्पितळ त्यांच्या एकटीच्या गळ्यात. जाताना मंदा सिस्टरनी मला बाहेर बोलावलं.

"तात्या, काकी त्या बाईंना काही सांगायच्या नाहीत. वायच म्हणतील आणि गप बसतील. तुम्ही सांगायचं. काकींना विचारायचं आणि त्या दाखवतील तेच माप सांगायचं. तुमच्यावर टाकून जातेय."

मी हो म्हटलं.

मापांचं त्या बाईंना मंदा सिस्टरनी सांगून ठेवलं होतं. पहिल्या दिवशी सकाळी त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं, म्हणाल्या, काय हो, दुखणं किती? सुभद्रानं शेराला हात लावलेला मी बघितला होता. आणि माझ्या तोंडातून निघालं – चिपटं.

मुद्दाम? तेव्हा मी स्वतःला म्हटलं, चुकून निघालं. दुपारी पुन्हा विचारलं, पुन्हा चिपटं. मग चुकून कसलं? त्या बाईंना बरंच वाटलं. सणात कुलपातलं औषध कमीच शिल्लक होतं. म्हणाल्या, मग ते रात्रीला ठेवू, दिवसा साध्यावर भागवू. मी म्हटलं, भागवा.

आणि दुपार उतरायच्या आत सुभद्रा म्हणाली, "अहो."

मी खाटेवर बसलो. पाय दाबला. तिनं माझा हात सोडला नाही. "अहो, वायच वर. अहो, तिथंच." मी ऐकत होतो. तिचा चेहरा बघत नव्हतो, नुसतं ऐकत होतो. कपाळावर घाम आला की पुसायचो. असा मऊ, असा प्रेमानं पुसायचो की समोरच्या खाटेवरची बाई डोळ्याला पदर लावायची. ती बाई गावात कुणाच्या तरी नात्यातली. माझ्या सेवेची गोष्ट तिनंच पसरवली.

रोज असंच. रात्री औषध मिळायचं, झोपायची. दिवस माझा. एकदा मुलगा घरच्या गणपतीचे मोदक घेऊन आला. त्याच्यासमोर तिनं दात आवळून अर्धा मोदक खाल्ला, बरं हाय म्हणाली. तो गेल्यावर उशीत तोंड घालून कण्हली. मला तेव्हा तरी उठायला नको होतं? दार चार पावलांवर होतं. सिस्टर व्हरांड्यात होत्या. तोंडात एकच शब्द बदलायचा होता.

ती बोलायला लागली होती हो! कळ जरा ओसरली की बोलायची. एका दुपारी म्हणाली, "तेवा का नाय सांगितलात मला? बापूस जात होता माजा."

आठ वर्षांनी विचारलं. मी म्हटलं, लावणी होती.

"ठावं हाय," म्हणाली. मग डोळे मिटूनच, "लय भात पिकला ना त्या साली? बरा झाला. खाल्लात पोटभर?"

असं बोलायची ती. मला ते लागलं, आणि लागलं तरी हवं होतं. शिव्या दे, टोचून बोल, पण माझ्याकडे तोंड करून बोल. आणि ती तोंड करून बोलत होती, कारण मी तिचं औषध अडवलं होतं. चुकलं माझं, हे शब्द तेव्हा म्हणायला काय झालं होतं? त्याला तर कुलूप नव्हतं.

मग तो दिवस. गौरीविसर्जनाचा. बाहेर ढोल वाजत होते. सकाळपासून तिला कुशीवर होता येईना, सरळ होता येईना. मापं खिडकीत होती, तिनं तिकडे बोटही केलं नाही. म्हणाली, "अहो, पायली झाली हो. वर शीग लागली. सांगा ना त्या बाईला. तुमच्या पाया पडते."

मी उठलो. व्हरांड्यात गेलो. बदलीच्या सिस्टर खांबाला टेकून कपभर चहा पीत होत्या, बिचारीला सकाळपासून बसायला मिळालं नव्हतं. म्हणाल्या, काय, बरं ना? मी म्हटलं, बरं आहे. चिपटं. खिडकी उघडी होती. आत सगळं ऐकू गेलं असणार हे माझ्या डोक्यात आलं नाही – की आलं होतं? परत आत आलो आणि तिला म्हटलं, सांगितलं, देतायत जरा वेळानं.

तिनं माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी मला पुन्हा 'अहो' ऐकू आला नाही. नुसतं कण्हणं.

हेच ते. हीच चोरी. लोक बायकांना मारतात, दारू पिऊन मारतात, आणि दुसऱ्या दिवशी गावाला ठाऊक असतं. मी बोट न उचलता मारली, आणि गावानं मला नावाजलं.

दुसऱ्या दिवशी मंदा सिस्टर विसर्जन आटोपून आल्या. चप्पल काढायच्या आधी खाटेपाशी आल्या. एका नजरेत कळलं त्यांना. मापं खाटेवर मांडली. सुभद्रानं पायलीवर हात ठेवला.

"कधीपासून? तात्या, मी गेल्यापासून असंच?"

चिऱ्याचा घण पेलणारा माणूस, पण तेवढं एक 'हो' उचललं नाही.

सुभद्रा म्हणाली, "नाय गो बाय. आजच वाढला. ते सांगत होते बरोबर."

खोटं बोलली. माझ्यासाठी बोलली? की घरातली घाण बाहेरच्या माणसासमोर नको म्हणून? की सिस्टरनी मला हाकलून दिलं तर भांडं द्यायला कोण, एवढा साधा हिशेब केला? मला आजही ठाऊक नाही. कुणी मला सांगायला येऊ नये की तिनं माफ केलं. तिनं मला माफ केलेलं नाही. माफ करणारं माणूस कसं दिसतं ते मला कळतं.

सिस्टर धावतच कुलपाकडे गेल्या. इंजेक्शन दिलं, तिच्याजवळ बसून राहिल्या, पुन्हा विचारलं, पुन्हा थोडं दिलं. डॉक्टरांना बोलावून दिवसाचं माप वाढवून घेतलं. उशा नीट केल्या. घामेजलेलं लुगडं बदललं, पण औषध अंगात मुरेपर्यंत थांबून मगच. बदलीच्या सिस्टरना एका शब्दानं बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "दमलात तात्या. चहा घेऊन या जावा." मी चहा घेऊन आलो. घशाखाली उतरला की नाही? उतरला. दोन कप उतरले.

दिवस कलला तशी ती जागी झाली. चेहरा मोकळा. पाय सैल. मला वाटलं, आता भिंतीकडे वळेल, पुन्हा 'त्यांना सांगा' सुरू होईल. मंदा सिस्टर समोरच्या खाटेवर होत्या. सुभद्रानं माझ्याकडे मान वळवली आणि अगदी हळू, चेष्टेत म्हणावं तसं म्हणाली,

"अहो, जलमभर भात मोजलात. पायली नि चिपटा नाय ओळखत?"

एवढं बोलून, "पेज आणलीत काय?" म्हणाली.

म्हणजे दुखत नसतानाही ती बोलली. अबोला कधीच मोडला होता – जीपमध्ये मोडला असेल, त्या लावणीच्या बोलण्यात मोडला असेल. मी थांबलो असतो, नुसता स्टुलावर बसून राहिलो असतो, तर तो 'अहो' मला फुकट मिळाला असता. तिच्या एका कळेचीही गरज नव्हती. हे मला त्या पेजेचं ताट हातात असताना कळलं. ताट पडलं नाही. मी तिला भरवली.

पुढं ती दिवाळी बघून गेली. मंदा सिस्टर असेपर्यंत पायली पुन्हा झाली नाही, शेवटच्या दिवशीही नाही. झोपेत गेली. मधल्या दिवसांत माझ्याशी बोलायची – मुलाचं, गुरांचं, कौलं शाकारायचं. त्या दिवसांचं ना ती बोलली, ना मी. कितीदा तरी तोंड उघडलं आणि घराच्या कौलांचं बोललो. मंदा सिस्टर मला शेवटपर्यंत भला माणूस समजल्या. नव्या पेशंटच्या नवऱ्यांना माझ्याकडे बोट करून दाखवायच्या, यांच्याकडून शिका. मी उभा राहायचो. एकदाही म्हटलं नाही की बाई, तुम्ही ज्याच्यावर टाकून गेलात त्यानं काय केलं ते ऐका.

मला कोणी विचारील, आता का सांगतोस? मरण जवळ आलं म्हणून भ्यालास? मी भीत नाही. देवासमोर उभं राहायचं तर राहीन, तिथंही हेच सांगीन, एक शब्द कमी नाही. तिच्याविषयी माया होती म्हणून केलं, असं कोणी माझ्या बाजूनं बोलायला लागला तर त्याला मी अंगणात उभा करणार नाही. माया असेल. मायेनं ती कळ कमी झाली नव्हती.

मंदा सिस्टर परत आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीसारख्या दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि सवयीनं मलाच विचारलं, "काय तात्या, रात्र कशी गेली काकींची?" सुभद्रा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, तिलाच विचारा. स्टूल उचलून सिस्टरना दिलं, आणि व्हरांडा ओलांडून, पायऱ्या उतरून, विहिरीच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो. तिथं तिचा आवाज येत नव्हता.